रक्ताच्या गुठळ्या आणि प्रारब्धाचा हिशेब

१९०६ साली बर्लिनमध्ये ऑगस्ट वासरमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपदंशाची, म्हणजे सिफिलिसची, रक्तचाचणी शोधली. लैंगिक संबंधातून पसरणारा हा रोग वर्षानुवर्षं शरीरात दडून राहू शकतो. तो झाला आहे असं कळलं तरी तेव्हा कुणी उघड बोलत नसे. आता रक्ताचे चार थेंबच साक्ष देऊ लागले. पुढच्या दशकांत ही चाचणी आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या इस्पितळांत, सैन्यभरतीत आणि गरोदरपणात सर्रास होऊ लागल्या. अमेरिकेत कनेटिकट राज्यानं १९३५ साली लग्नाआधी वधूवर दोघांनाही अशी चाचणी सक्तीची केली आणि पाठोपाठ बहुतेक राज्यांनी तसेच कायदे केले.

या चाचणीत सुरुवातीपासून एक कोडं होतं. वासरमान यांनी वापरलेला अर्क उपदंशानं दगावलेल्या अर्भकाच्या यकृताचा होता. त्यात रोगाचे जंतू आहेत आणि रुग्णाचं रक्त त्या जंतूंना ओळखतं, असा त्यांचा समज होता. थोड्याच काळात लक्षात आलं की निरोगी बैलाच्या हृदयाचा अर्क घेतला तरी चाचणी तितकीच चालते. रक्त ओळखत होतं ते निरोगी पेशींमध्येही असणाऱ्या एका स्निग्ध पदार्थाला. १९४१ साली न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात काम करणाऱ्या मेरी पँगबॉर्न यांनी तो पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. हृदयातून काढला म्हणून त्याचं नाव कार्डिओलिपिन.

म्हणजे ज्या माणसाचं शरीर कुठल्याही कारणानं या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करत असेल, त्याची चाचणी 'पॉझिटिव्ह' येणार. मग त्याला उपदंश झालेला असो वा नसो. लग्न ठरलेल्या मुलीच्या हातात असा कागद पडला तर काय होत असेल, याची कल्पना करायला फार कष्ट पडत नाहीत. तिनं कितीही शपथा घेतल्या तरी शपथ खोटी आणि रक्त खरं. विज्ञानानं रोगनिदान म्हणून दिलेला शेरा समाजानं चारित्र्याचा दाखला म्हणून वाचला.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या जोसेफ अर्ल मूर आणि चार्ल्स मोर यांनी १९५२ साली या खोट्या 'पॉझिटिव्ह' लोकांची नीट विभागणी केली. काहींच्या बाबतीत हिवतापासारख्या आजारानंतर चाचणी काही काळ चुकत होती आणि मग सरळ होत होती. पण एक गट असा होता की त्यांची चाचणी वर्षानुवर्षं 'पॉझिटिव्ह'च राही. त्यांत स्त्रिया जास्त होत्या आणि त्यांतल्या काहींना पुढे ल्युपस हा स्वयंप्रतिकार आजार झाला. त्यांच्या चारित्र्याबद्दल त्या रक्तात एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

त्याच वर्षी त्याच संस्थेत कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपसच्या काही रुग्णांचं रक्त काचेच्या नळीत उशिरा गोठतं अशी नोंद केली. साहजिकच अपेक्षा अशी की या रुग्णांना रक्तस्राव होईल. १९६३ साली मेयो क्लिनिकमधल्या बोवी आणि सहकाऱ्यांना उलटच दिसलं: अशा रुग्णांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होत होत्या. नळीत उशिरा गोठणारं रक्त शरीरात भलत्या जागी, भलत्या वेळी गोठत होतं. या सगळ्या सुट्या धाग्यांची गाठ लंडनमध्ये मारली गेली. ग्रॅहम ह्यूज, नायजेल हॅरिस, अझीझ घरावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडं मोजण्याची संवेदनशील पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी ह्यूज यांनी या प्रतिपिंडांचा वारंवार होणाऱ्या गुठळ्यांशी आणि गर्भपातांशी असलेला संबंध मांडला. आज या आजाराला अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम किंवा थोडक्यात एपीएस म्हणतात. ह्यूज सिंड्रोम हेही त्याचंच नाव.

तिशीतल्या धडधाकट माणसाची पोटरी एका सकाळी सुजते. तपासणीत खोल शिरेत गुठळी निघते. औषधांनी ती विरते, औषध बंद होतं आणि काही महिन्यांनी गुठळी थेट फुप्फुसात जाते. कुणाला चाळिशीच्या आत पक्षाघात होतो, आणि ना रक्तदाब असतो ना मधुमेह. एखाद्या बाईचे तीन गर्भ एकामागून एक जातात, कारण गर्भाला पोसणारी वार नीट रुजत नाही आणि तिचं काम बिघडतं. सोनोग्राफी, गुणसूत्रं, हार्मोन सगळं ठीक असतं आणि फायलीवर 'कारण अज्ञात' असं लिहिलं जातं.

कारण प्रतिपिंडांत असतं. त्यांचं मुख्य लक्ष्य स्निग्ध पदार्थ नसून रक्तातलं बीटा-२ ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन आहे, हे १९९० साली तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी दाखवलं. हे प्रथिन प्रत्येकाच्या रक्तात असतं. एरवी ते गोल मिटलेल्या अवस्थेत फिरतं. पेशीच्या स्निग्ध आवरणाला चिकटलं की उलगडतं आणि त्याचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. प्रतिपिंडं तिथे बसतात आणि रक्तवाहिनीचं अस्तर, पांढऱ्या पेशी, रक्तबिंबिका या सगळ्यांना गोठण्याच्या दिशेनं ढकलतात. नळीतल्या कोड्याचा उलगडाही इथेच होतो. प्रयोगशाळेतल्या गोठणाऱ्या रक्ताला स्निग्ध पदार्थाचा पृष्ठभाग लागतो, तो प्रतिपिंडं अडवून ठेवतात आणि वेळ लांबतो.

तरी एक प्रश्न उरतोच. ही प्रतिपिंडं रक्तात असूनही अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. दुसऱ्या कुणाला एखादा संसर्ग, शस्त्रक्रिया, दीर्घ आजारपण, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या किंवा धूम्रपान असं काही निमित्त होतं आणि गुठळी धरते. त्या माणसातच प्रतिपिंडं का निर्माण झाली? जनुकांचा वाटा आहे, संसर्गांचा असू शकतो. तेवढ्यानं 'मीच का?' याचं उत्तर मिळत नाही.

नेमक्या याच फटीतून प्रारब्ध आत येतं.

संसर्गजन्य रोगांच्या बाबतीत गेल्या दीडशे वर्षांत एक मोठी सुटका झाली. कुष्ठरोग हे पापाचं फळ अशी समजूत आपल्याकडेही होती आणि युरोपातही. १८७३ साली नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी त्याचा जंतू पाहिला आणि निदान तत्त्वतः तरी रुग्ण आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर आला. समाजाच्या मनातून तो बाहेर यायला आणखी खूप काळ लागला, पण बोट दाखवायला जंतू होता. स्वयंप्रतिकार आजारात असा परका गुन्हेगार सापडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली शत्रू शोधावा तर आपलीच प्रतिपिंडं. मग घरातल्या मोठ्यांना, शेजारणींना आणि पुष्कळदा खुद्द रुग्णाला जुना हिशेब आठवतो: मागच्या जन्मीचं काहीतरी असेल, घराण्यात कुणाचा तरी शाप असेल. मूल होत नाही किंवा पोटात टिकत नाही म्हणून कित्येक कुटुंबं त्र्यंबकेश्वरी जाऊन तीन दिवसांचा नारायण-नागबळी करतात. नागाच्या हत्येचं प्रायश्चित्त आणि अकाली गेलेल्या पूर्वजांची शांती हा त्या विधीचा आशय. विधीनं कुणाला धीर मिळत असेल तर तो हिरावून घ्यायचं कारण नाही. पण त्या विधीला जायचं ठरतं तेव्हा घरात एक निवाडा आधीच झालेला असतो, आणि त्याचं ओझं बहुतेक वेळा सुनेच्या खांद्यावर येतं. तो निवाडा न्यायाचा आहे का, हा धर्माचा प्रश्न आहे आणि धर्माच्याच भाषेत त्याला उत्तर मागायला हवं.

मराठी घरांना परिचित असलेली एक मांडणी दासबोधात आहे. तिसऱ्या दशकात समर्थ रामदास त्रिविध तापांचं वर्णन करतात. देह, इंद्रियं आणि प्राण यांच्यामुळे जे भोगावं लागतं तो आध्यात्मिक ताप. त्या समासात रोगांची इतकी लांबलचक यादी आहे की वाचणारा थकावा. बाहेरच्या प्राण्यांपासून आणि वस्तूंपासून होणारा तो आधिभौतिक, आणि मरणानंतर कर्माप्रमाणे भोगाव्या लागणाऱ्या यमयातना हा आधिदैविक. ही वाटणी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. कर्माचा थेट निवाडा तिसऱ्या खान्यात आहे, आजार पहिल्या. समर्थ एवढ्यावर थांबले असते तर या लेखाचं काम सोपं झालं असतं. पण आध्यात्मिक तापाचा समास संपवताना ते त्याचंही मूळ मागल्या पापात असल्याचं सांगतात. परंपरेतला हा धागा खरा आहे आणि तो लपवून चालणार नाही.

दुसरा धागाही तितकाच जुना आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातल्या तिसऱ्या अध्यायात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो, माणसाचं आयुष्य ठरलेलं असतं का? आत्रेयांचं उत्तर सरळ आहे: सगळ्यांचं सगळं ठरलेलं असतं तर औषधं, विधी, पथ्य यांची कुणाला गरजच नसती आणि हिंस्र श्वापदाला भिण्याचंही कारण नसतं. दैव आणि पुरुषप्रयत्न दोन्ही मिळून आयुष्य घडतं. त्याच अध्यायात साथीच्या रोगांचं मूळ अधर्मात सांगितलं आहे हेही खरं. तरी रोग्यासमोर बसलेल्या वैद्यानं दैवापुढे हात टेकायचे नाहीत, एवढं त्या चर्चेतून नक्की निघतं.

सगळ्यांत नेमकं उत्तर मात्र पाली साहित्यात सापडतं. संयुत्तनिकायात मोलिय सीवक नावाचा एक परिव्राजक राजगृहात वेळुवनात बुद्धांना भेटतो. काही श्रमण-ब्राह्मणांचं म्हणणं असं आहे, तो सांगतो, की माणूस जे काही सुखदुःख अनुभवतो ते सारं पूर्वकर्मामुळे. आपलं मत काय? बुद्ध आठ कारणं मोजतात: पित्त, कफ, वात, या तिघांचा संयोग, ऋतूतला बदल, स्वतःची हेळसांड, बाहेरून झालेला आघात आणि आठवं कर्मविपाक. मग ते म्हणतात की सगळंच पूर्वकर्मामुळे होतं असं म्हणणारे स्वतःच्या अनुभवालाही सोडून बोलतात आणि जग ज्याला सत्य मानतं त्यालाही. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या गुरूनंच त्याच्या सार्वत्रिक वापराला घातलेली ही मर्यादा आहे. आठांत एक जागा कर्माला आहे, बाकी सात कर्माच्या नाहीत. कुठला आजार कुठल्या खान्यात हे ठरवण्याचा अधिकार सासूला किंवा ज्योतिषाला दिलेला नाही.

१९५७ साली, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्मावरच्या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याहून पुढे गेले. गतजन्मीचं कर्म माणसाच्या आजच्या स्थितीचं कारण ठरवणारी शिकवण बुद्धांची असूच शकत नाही, कारण तिच्यामुळे गरिबांच्या आणि दीनांच्या हालांची जबाबदारी समाजाला झटकता येते, असं त्यांनी मांडलं. ते लिहीत होते सामाजिक अन्यायाबद्दल. पण इस्पितळाच्या बाकावर बसलेल्या बाईकडे पाहताना तोच युक्तिवाद लागू पडतो. 'तिचं नशीब' असं म्हटलं की तपासणीचा खर्चही वाचतो आणि आस्थेचाही.

प्रारब्ध हा शब्दही न उच्चारणाऱ्या सुशिक्षित घरांत हाच हिशेब नव्या वेषात येतो. 'तू राग आत दाबून ठेवतेस, म्हणून शरीर तुझ्यावर उलटलं.' 'नकारात्मक विचार करतोस, त्याचं हे फळ.' मनाचा शरीरावर परिणाम होतो हे कुणी नाकारत नाही. पण दाबलेल्या रागातून बीटा-२ ग्लायकोप्रोटीनविरुद्ध प्रतिपिंडं निर्माण होतात असं कुठल्याही प्रयोगशाळेनं दाखवलेलं नाही. जुन्या हिशेबात निदान गुन्हा मागच्या जन्मीचा होता, आठवत नसे. नव्या हिशेबात तो याच जन्मीचा, कालपरवाचा ठरतो. हा निवाडा जास्त निर्दय आहे.

शिवाय 'शरीर उलटलं' ही भाषाही तपासायला हवी, कारण ती डॉक्टरांच्याही तोंडी असते. तिचा उगम विसाव्या शतकाच्या पहाटे आहे. पॉल एरलिख यांचं म्हणणं होतं की शरीर स्वतःविरुद्ध विष तयार करणं टाळतं. या टाळण्याला त्यांनी 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असं भारदस्त लॅटिन नाव दिलं. १९०४ सालीच डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी थंडीत स्वतःच्याच लाल पेशी फोडणारं रक्त दाखवून दिलं, तरी एरलिख यांच्या कल्पनेचा दरारा पुढे अनेक वर्षं टिकला. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या मॅकफार्लेन बर्नेट यांनी रोगप्रतिकाराचं सारं शास्त्र 'स्व' आणि 'पर' यांच्या भेदावर उभं केलं. या चौकटीत स्वयंप्रतिकार आजार म्हणजे सीमेवरच्या सैनिकानं स्वतःच्याच गावावर गोळी झाडणं. फितुरी, बंड, आत्मघात हे सगळे शब्द तिथूनच आले.

पुढच्या संशोधनानं हा भेद पुष्कळ सैल केला. शिमॉन साकागुची यांनी १९९५ साली दाखवलं की इतर पेशींना आवर घालणाऱ्या खास पेशी शरीरात असतात. या शोधासाठी त्यांना मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह २०२५ सालचं नोबेल मिळालं. त्याचा अर्थ असा की स्वतःच्या पेशींना ओळखून त्यांच्यावर धावणाऱ्या पेशी निरोगी माणसातही असतात आणि रोज आवरल्या जातात. पॉली मॅटझिंगर यांनी १९९४ साली सुचवलं की शरीर 'परका कोण' यापेक्षा 'धोका कुठे' हे पाहतं. आणि गरोदरपण तर 'स्व-पर' सिद्धान्ताला मुळातूनच प्रश्न विचारतं. गर्भाचा निम्मा वारसा बापाकडून आलेला, म्हणजे आईच्या शरीराच्या दृष्टीनं परका, तरी तो नऊ महिने सांभाळला जातो. इतकंच नव्हे, मुलाच्या काही पेशी प्रसूतीनंतर २७ वर्षांनीही आईच्या रक्तात सापडल्याचं डायना बियांकी यांच्या गटानं १९९६ साली दाखवलं. एपीएस झालेल्या बाईचं शरीरही त्या परक्या जिवाला ठेवून घ्यायला तयार असतं. तिच्या प्रतिपिंडांचा रोख वारेवर आणि रक्त गोठण्याच्या व्यवस्थेवर असतो. आपल्या बाळाला आपणच नाकारलं, असं जे तिला आतून वाटत राहतं, त्याला शरीरशास्त्रात काहीही आधार नाही.

मग शरीर 'मी' आहे की नाही? सारनाथला पाच भिक्षूंना दिलेल्या अनात्मतेच्या उपदेशात बुद्धांचा युक्तिवाद थक्क करणारा आहे. शरीर खरोखर 'स्व' असतं, तर ते पीडेचं कारण झालं नसतं आणि ते अमुक असावं, तमुक नसावं असा हुकूम त्याला देता आला असता. तसा हुकूम चालत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दाखला स्वयंप्रतिकार आजाराइतका दुसऱ्या कशालाच चपखल लागत नाही. जे कधी आपल्या हुकमात नव्हतंच, त्यानं फितुरी केली असं म्हणता येत नाही, आणि त्याच्या वागण्याची नैतिक जबाबदारी आपल्यावर येत नाही.

इथे कुणी गीतेचा सहावा अध्याय पुढे करील. माणूस स्वतःच स्वतःचा बंधू आणि स्वतःच स्वतःचा शत्रू असतो, असं तिथे सांगितलं आहे. पण तो अध्याय मनाच्या संयमाचा आहे. ज्यानं स्वतःला जिंकलं त्याचा तो बंधू, असं लगेच पुढचा श्लोक सांगतो. मन जिंकता येतं म्हणूनच तो उपदेश अर्थपूर्ण आहे. प्रतिपिंडं जिंकण्याचा उपदेश कुणी कुणाला करू शकत नाही. तो श्लोक रुग्णाच्या तोंडावर फेकणं म्हणजे गीतेचाच दुरुपयोग.

याचा अर्थ रुग्णानं स्वतः आपल्या दुःखाला श्रद्धेतून अर्थ देऊ नये असा नाही. कुणी भोग म्हणून सोसतो, कुणी परीक्षा म्हणून, कुणी विठ्ठलावर भार टाकून मोकळा होतो. तो हक्क त्याचा आहे. दुसऱ्याच्या आजाराचा अर्थ लावण्याचा हक्क मात्र कुणालाही नाही. धर्म आणि क्रौर्य यांच्यातली सीमा या विषयापुरती तरी इथे स्पष्ट आहे.

आणि सोसण्याला जोड देणारं पुष्कळ काही आता हाताशी आहे. ज्यांना गुठळी होऊन गेली त्यांना रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी बहुधा कायमची घ्यावी लागते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर ही चाचणी वेळोवेळी करून तो आकडा साधारण २ ते ३ च्या मध्ये राखायचा. पालक, मेथी यांतलं 'के' जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं म्हणून पालेभाज्या बंद करायच्या नाहीत, त्यांचं प्रमाण रोज सारखं ठेवायचं. नव्या पिढीच्या, चाचणी न लागणाऱ्या गोळ्या सोयीच्या वाटतात. पण एपीएसच्या तिन्ही तपासण्या (त्यांची नावं पुढे दिली आहेत) 'पॉझिटिव्ह' आलेल्या रुग्णांत त्यांपैकी रिव्हारोक्साबॅनची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण त्या गटात गुठळ्यांसारख्या घटना जास्त होऊ लागल्या. गरोदरपणात वॉरफरिन चालत नाही. तिथे कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. लंडनमध्ये ९० स्त्रियांवर झालेला, १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की नुसत्या ॲस्पिरिननं ४२ टक्के स्त्रियांना जिवंत मूल झालं, हेपॅरिनची जोड दिल्यावर ७१ टक्के स्त्रियांना.

म्हणून ज्यांच्या घरात लागोपाठ गर्भपात झाले आहेत, दहा आठवड्यांपुढचा धडधाकट गर्भ गेला आहे, किंवा तरुण वयात कारणाशिवाय गुठळी झाली आहे, त्यांनी डॉक्टरांना तीन तपासण्यांची नावं घेऊन विचारावं: ल्युपस अँटिकोआग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि अँटि-बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर ते आधी सांगावं, कारण पहिली चाचणी त्यामुळे चुकू शकते. तपासणी 'पॉझिटिव्ह' आली तर किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते, त्याशिवाय निदान पक्कं होत नाही. गरोदरपणात उपदंशासाठी होणारी, कार्डिओलिपिनवरच आधारलेली व्हीडीआरएल चाचणी 'पॉझिटिव्ह' आली तर खात्रीची दुसरी चाचणी होईपर्यंत त्या बाईला एका शब्दानंही विचारू नये. त्र्यंबकेश्वरची तारीख ठरवायची असेल तर ठरवावी, पण रक्त त्याआधी तपासायला द्यावं.